प्रोसेस अडकलीये की तिची पाळीच येत नाहीये? (डेडलॉक आणि शेड्यूलिंग)

त्रिज्या

नमस्कार मंडळी. ऑपरेटिंग सिस्टीमच्या अभ्यासक्रमात शेड्यूलिंग (सीपीयूवर पुढची पाळी कुणाची ते ठरवणं) एका प्रकरणात शिकवतात, डेडलॉक (एकमेकांची वाट बघत सगळेच कायमचे अडकणं) दुसऱ्या प्रकरणात, आणि दोन्हींची गाठ कुणी घालून देत नाही. कामावर मात्र दोन्ही एकदमच अंगावर येतात. म्हणून हा धागा.

मी सांभाळते ती एक जावा सेवा अधूनमधून उत्तरं देणंच बंद करते. प्रोसेस जिवंत असते, मेमरी ठीक, लॉगमध्ये एक ओळ नाही, सीपीयू जवळजवळ शून्यावर. रीस्टार्ट केलं की पुन्हा सुरळीत. दुसऱ्या एका मशीनवर याच्या बरोबर उलट: सगळे कोअर १०० टक्क्यांवर, आणि रिपोर्ट बनवणारं एक काम तासन् तास जागचं हलत नाही. टीममध्ये दोन्हींना एकच नाव पडलंय, "डेडलॉक झाला". मला हे एकच दुखणं वाटत नाही.

प्रश्न तीन. बाहेरून बघून हे दोन प्रकार वेगळे कसे ओळखायचे? अडकलेल्या प्रोसेसला सोडवणं हे शेड्यूलरचं काम का नाही? आणि परीक्षेत हमखास येणारा, डेडलॉक टाळण्यासाठीचा बँकर्स अल्गोरिदम खऱ्या सिस्टीममध्ये कुणी वापरतं का?

निळीशाई

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे, ते लिहिते.

शेड्यूलरला फक्त पळायला तयार असलेली कामं दिसतात. ती रन क्यूमध्ये असतात आणि त्यातून तो पुढचं निवडतो. लॉकसाठी (सामायिक गोष्ट एका वेळी एकालाच वापरू देणारं कुलूप), डिस्कसाठी किंवा नेटवर्कसाठी थांबलेलं काम रन क्यूमधून काढून त्या त्या गोष्टीच्या वेट क्यूमध्ये ठेवलं जातं. तिथून त्याला परत आणणं शेड्यूलरच्या हातात नसतं. ज्याच्याकडे ती गोष्ट आहे त्याने ती सोडली, की तो थांबलेल्याला जागं करतो. डेडलॉकमध्ये जागं करणाराही झोपलेला असतो. निवडायला समोर कुणी नाहीच म्हटल्यावर शेड्यूलर कितीही हुशार असला तरी काय करणार?

आता ओळखायचं कसं. लिनक्सवर प्रोसेसची यादी देणाऱ्या 'पीएस' कमांडला थ्रेडसकट (एका प्रोसेसच्या आत स्वतंत्रपणे पळणारी कामं) यादी मागा, नाहीतर फक्त मुख्य थ्रेडची अवस्था दिसते आणि दिशाभूल होते. 'आर' म्हणजे पळतोय किंवा पळायला तयार आहे. 'एस' म्हणजे कशाची तरी वाट बघत झोपलाय. 'डी' म्हणजेही झोपलाच आहे, पण सिग्नलनेही उठणार नाही असा; बहुतेकदा डिस्क किंवा फाइल सिस्टीमच्या वाटेवर. तापलेल्या मशीनवरचं तुमचं रिपोर्टचं काम 'आर' दाखवत असेल तर तो डेडलॉक नाहीच, ते बहुधा सीपीयूवाचून उपाशी आहे.

याहून पक्कं बघायचं तर 'प्रॉक' फाइल सिस्टीममध्ये प्रत्येक थ्रेडची 'स्टेटस' फाइल असते. तिच्या शेवटाकडे कॉन्टेक्स्ट स्विचचे (सीपीयूवरचा थ्रेड बदलण्याचे) दोन आकडे असतात: आपणहून सीपीयू सोडला ते, आणि हातातून काढून घेतला गेला ते. काही सेकंदांच्या अंतराने दोनदा वाचा. दुसरा आकडा वाढत असेल तर थ्रेडला सीपीयू मिळतोय आणि मध्येच काढला जातोय. दोन्ही आकडे गोठलेले आणि अवस्था 'एस', तर त्याला कुणी उठवलेलंच नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. कामाची वाट बघत निवांत बसलेला थ्रेडही असाच दिसतो. त्यामुळे नेमका कशावर थांबलाय हे बघायला स्टॅक (त्या क्षणी कुठलं फंक्शन कुणी बोलावलंय त्याची यादी) काढावाच लागतो. जावाला 'जेस्टॅक', सी किंवा सी++ ला 'जीडीबी' जोडून सगळ्या थ्रेडचे बॅकट्रेस. रीस्टार्ट करण्याआधी एवढं एक काढून ठेवा. रीस्टार्टबरोबर पुरावा जातो.

खडूफळा

छान धागा. निळीशाईंच्या उत्तराला जोड म्हणून डेडलॉक घडतो कसा ते जवळून बघू.

१९७१ मध्ये कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी एका लेखात चार अटी मांडल्या. वस्तू एका वेळी एकालाच वापरता येते. हातातलं न सोडता आणखी मागता येतं. दिलेलं जबरदस्तीने काढून घेता येत नाही. आणि वाट बघणाऱ्यांची साखळी फिरून पहिल्यापाशी येते. चारही एकत्र आल्याशिवाय डेडलॉक होत नाही, म्हणून एक जरी मोडली तरी सुटका होते.

आता दोन खाती घ्या, क आणि ख, प्रत्येकाला आपापला लॉक. पहिला थ्रेड क मधून ख मध्ये रक्कम वळवतोय: आधी क चा लॉक घेतो, मग ख चा. दुसरा ख मधून क मध्ये वळवतोय: आधी ख, मग क. पहिल्याने क घेतला आणि ख मागण्याआधीच टाइमर इंटरप्ट आला. शेड्यूलरने दुसऱ्याला आणलं, त्याने ख घेतला, क मागितला आणि झोपला. पहिला परत आला, ख मागितला आणि तोही झोपला. संपलं.

मधली फट काही सूचनांची असते. एकाच कोअरच्या मशीनवर नेमक्या त्या फटीत इंटरप्ट यावा लागतो, म्हणून असा दोष वर्षभर दबून राहू शकतो. अनेक कोअरवर इंटरप्टचीही गरज नाही, दोन्ही थ्रेड खरोखरच एकाच क्षणी पळतात. जुना, "इतकी वर्षं नीट चालणारा" कोड नव्या मशीनवर अडकायला लागतो तो यामुळे. शेड्यूलर डेडलॉक तयार करत नाही; कोडमध्ये आधीच असलेला तो उघडा पाडतो.

उपाय साधा आहे आणि मी तरी त्याला पहिला मान देतो: सगळ्या लॉकना एक क्रम ठरवा आणि सगळीकडे त्याच क्रमाने घ्या. रक्कम कुठूनही कुठेही जावो, लहान क्रमांकाच्या खात्याचा लॉक आधी. मग साखळी गोल फिरूच शकत नाही. लिनक्सचा शेड्यूलर स्वतःही हेच करतो. एका सीपीयूच्या रन क्यूतून काम दुसऱ्याच्या क्यूत हलवायचं असेल आणि दोन्ही क्यूंचे लॉक एकत्र हवे असतील, तर ते ठरावीक क्रमानेच घेतले जातात. दोन सीपीयू एकमेकांकडे कामं ढकलताना तिथेच अडकू नयेत म्हणून.

अर्धविराम

हे सगळं मान्य. पण कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला, सगळं माहीत असतं ना? कोण काय धरून बसलंय, कोण कशासाठी थांबलंय. मग साखळी शोधून एकाला मारून टाकायला काय हरकत आहे? डेटाबेस तर सर्रास करतात.

निळीशाई

अर्धविराम, कर्नलला सगळं माहीत नसतं, गोम तिथेच आहे.

लिनक्सवर २.६ पासून युजर प्रोग्रॅमचे म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारे लॉक) फ्युटेक्स या कर्नलच्या सोयीवर उभे असतात. लॉक मोकळा असेल तर तो मेमरीतला एक शब्द अणुवत बदलून घेतला जातो आणि कर्नलला त्याचा पत्ताही लागत नाही. झटापट झाली तरच कर्नलला हाक जाते, आणि तेव्हाही साध्या फ्युटेक्समध्ये कर्नलला एवढंच कळतं की अमुक पत्त्यावर हा थ्रेड थांबलाय. धरणारा कोण, ते नाही. सेमाफोर किंवा कंडिशन व्हेरिएबल (थ्रेडना थांबवायची आणि उठवायची इतर साधनं) असेल तर प्रश्न आणखी अवघड, कारण तिथे मालक अशी गोष्टच नसते. उद्या कुणीही येऊन सिग्नल देऊ शकतो. कुणी देणारच नाही, हे कर्नल कशाच्या आधारावर म्हणणार?

आणि समजा कळलं, तरी मारायचं कुणाला? लॉक धरलेला थ्रेड मध्येच मारला की त्याने अर्धवट बदललेला डेटा तसाच राहतो. दुसऱ्याला लॉक मिळेल, पण आत काय आहे याची खात्री कुणी द्यायची? पॉझिक्स या युनिक्सछाप सिस्टीमच्या मानकात 'रोबस्ट' म्युटेक्सची सोय आहे: मालक मेला तर पुढच्या घेणाऱ्याला तसा एरर मिळतो आणि डेटा सावरायची जबाबदारी त्याच्यावर येते. तो सावरणारा कोड लिहिणं हेच खरं कष्टाचं काम आहे.

उंबरठा

डेटाबेसच्या बाजूने मी सांगते. डेटाबेसला मारणं परवडतं, कारण त्याच्याकडे मागे फिरायची सोय असते. ट्रान्झॅक्शन (सगळे एकत्र पुरे किंवा एकत्र रद्द होणारे बदल) रद्द केलं की केलेले बदल पुसले जातात आणि सगळं सुसंगत राहतं.

मायएसक्यूएलचं इनोडीबी हे साठवणीचं इंजिन साखळी सापडताच एक बळी निवडतं, आणि शक्यतो लहान ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे ज्याने कमी ओळी घातल्या, बदलल्या किंवा पुसल्या त्याचा. अॅप्लिकेशनला १२१३ क्रमांकाचा एरर मिळतो. पोस्टग्रेसची पद्धत वेगळी. लॉकसाठी थांबल्याबरोबर तो साखळी शोधत बसत नाही. ठरावीक वेळ थांबतो, मूळ सेटिंग १ सेकंदाची, आणि तेवढ्यात लॉक मिळाला नाही तरच शोध घेतो. बहुतेक वेळा लॉक त्याआधीच मिळतो, मग प्रत्येक वेळी शोधाचा खर्च कशाला? मला हा विचार फार आवडतो.

माझं मत थोडं वेगळं आहे, खडूफळा. लॉकचा क्रम वगैरे एका माणसाच्या कोडमध्ये जमतं. पन्नास जण लिहीत असतील तिथे टाइमआउट लावा, नाही मिळाला तर हातातलं सोडा आणि पुन्हा प्रयत्न करा. प्रत्येक अॅप्लिकेशनने १२१३ वर पुन्हा प्रयत्न करायलाच हवा, आणि असंख्य ठिकाणी ते केलेलं नसतं.

खडूफळा

उंबरठा, पुन्हा प्रयत्न करण्याशी अर्धाच सहमत. दोघांनी एकाच वेळी सोडलं, एकाच वेळी पुन्हा घेतलं, तर दोघेही पळत राहतात आणि पुढे कुणीच जात नाही. तो लाइव्हलॉक. सीपीयू वापरला जात असल्याने तो डेडलॉकपेक्षा ओळखायला अवघड. यादृच्छिक वेळ थांबून बऱ्याचदा भागतं, हमी मात्र मिळत नाही.

हमी हवी तर वय वापरावं लागतं. १९७८ मध्ये रोझेनक्रांट्झ, स्टर्न्स आणि लुइस यांनी दोन पद्धती मांडल्या. प्रत्येक ट्रान्झॅक्शनला सुरू होताना वेळेचा शिक्का मिळतो. एका पद्धतीत जुना नव्यासाठी थांबतो, पण नव्याला जुन्याकडचं हवं असेल तर नवा मागे फिरतो. दुसरीत जुना नव्याला थेट मागे फिरवतो आणि नवा जुन्यासाठी थांबतो. वाट बघण्याची दिशा वयानुसार एकच राहते, म्हणून साखळी गोल होत नाही. महत्त्वाची अट अशी की मागे फिरलेल्याने परत येताना आपला मूळ शिक्काच आणायचा. नवा शिक्का घेतला तर तो कायम सगळ्यांत तरुण राहील आणि प्रत्येक वेळी त्याचाच बळी जाईल. जुना शिक्का असला की आज ना उद्या तोच सगळ्यांत वयस्क होतो.

शेड्यूलिंगमधलं एजिंग आठवा. कमी प्राधान्याचं काम जितकं थांबेल तितकं त्याचं प्राधान्य वाढवत न्यायचं. दोन वेगळ्या प्रकरणांत शिकवलेली ही एकच कल्पना आहे. लिनक्स कर्नलमध्ये ग्राफिक्सच्या बफरसाठी जे 'डब्ल्यूडब्ल्यू म्युटेक्स' आहेत ते याच तत्त्वावर चालतात, कारण तिथे बफरांची यादी युजर प्रोग्रॅमकडून हव्या त्या क्रमाने येते आणि आधी क्रम ठरवणं गैरसोयीचं पडतं.

त्रिज्या

सगळ्यांचे आभार, इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. रिपोर्टच्या कामाचा छडा लागला. अवस्था 'आर', काढून घेतल्याचा आकडा हळूहळू वाढतोय, आणि कुणीतरी ते 'नाइस' १९ वर, म्हणजे सर्वांत कमी प्राधान्यावर, सुरू केलंय. म्हणजे उपासमारच. पण एवढी?

बँकर्सचा प्रश्न राहिलाच आहे, कुणीतरी घ्या.

ध्रुवपद

'नाइस' १९ चा हिशोब करून बघा. लिनक्समध्ये 'नाइस' शून्यचं वजन १०२४ धरलंय, आणि प्रत्येक पायरीला ते साधारण १.२५ पटीने बदलतं. ५ ला ३३५, १९ ला फक्त १५. एका कोअरवर शून्यवालं एकच काम स्पर्धेत असेल तरी तुमच्या रिपोर्टला १५ भागिले १०३९, म्हणजे १.४ टक्के. कोअरवर अशी चार कामं असतील तर अर्ध्या टक्क्याच्याही खाली. ५ वर आणा, एका स्पर्धकासमोर जवळपास २५ टक्के मिळतील. काम मेलेलं नाही, त्याचा वाटाच तेवढा ठरवून दिलाय.

एक तपासा: ते काम सीग्रुपमध्ये (कामांच्या गटाला मर्यादा लावायची लिनक्सची सोय) किंवा कंटेनरमध्ये सीपीयूची मर्यादा लावून चालवलंय का? कोटा संपला की पुढच्या कालावधीपर्यंत ते थोपवलं जातं. अवस्था 'आर', मशीन मोकळं, तरी काम हलत नाही, असं विचित्र चित्र दिसतं. त्या सीग्रुपच्या 'सीपीयू.स्टॅट' फाइलमध्ये किती वेळा थोपवलं ते मोजलेलं असतं.

खडूफळा

बँकर्स घेतो. डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात मांडलेला. अट अशी की प्रत्येक प्रोसेसने आपली कमाल गरज आधीच सांगायची.

एकूण १० नग आहेत. प ची कमाल गरज ८, हातात ४. फ ची कमाल ५, हातात २. ब ची कमाल ७, हातात १. वाटलेले ७, शिल्लक ३. ही स्थिती सुरक्षित आहे: फ ला आणखी ३ लागतील, ते देता येतात, तो संपला की शिल्लक ५. मग प ला ४ देता येतात. तो संपला की ९. मग ब ला ६.

आता ब ने आणखी एक नग मागितला. शिल्लक ३ आहेत, दिला तर काय बिघडलं? देऊन बघा. शिल्लक २. फ ला ३ हवेत, प ला ४, ब ला ५. कुणालाच शेवटपर्यंत नेण्याची हमी उरत नाही. म्हणून बँकर नकार देतो आणि ब ला थांबवतो. हे असुरक्षित आहे, डेडलॉक अजून झालेला नाही. तिघांपैकी एखाद्याने कमाल मागितलंच नाही तर सगळं सुरळीत पारही पडेल. परीक्षेत निम्मी मुलं हे दोन एकच समजतात.

सर्वसाधारण सिस्टीममध्ये तो वापरत नाहीत. कमाल गरज आधी कुणाला माहीत असते? प्रोसेसची संख्या सतत बदलते, आणि प्रत्येक मागणीला ही तपासणी करणं महाग पडतं.

अर्धविराम

मग शिकवायचा कशाला? त्यापेक्षा विद्यार्थ्यांना 'जीडीबी' शिकवा.

ध्रुवपद

अर्धविराम, 'जीडीबी' शिकवावाच, पण बँकरची कल्पना वाया गेलेली नाही. मी एम्बेडेडमध्ये काम करतो. आमच्याकडे टास्क किती, कोणता टास्क कोणता लॉक घेणार, हे बिल्डच्या वेळीच पक्कं असतं. म्हणजे बँकरची अवघड अट आपोआप पूर्ण होते. ओसेक आणि त्यावर आधारलेल्या ऑटोसार या वाहनांसाठीच्या मानकांमध्ये प्रत्येक लॉकला एक 'सीलिंग' प्राधान्य ठरवलेलं असतं: तो लॉक घेणाऱ्या टास्कांपैकी सर्वांत वरच्याचं. लॉक घेताच टास्कचं प्राधान्य तिथपर्यंत वर जातं. एका कोअरवर मग तो लॉक मागू शकणारा दुसरा कुणी टास्क पळूच शकत नाही, सोडेपर्यंत. डेडलॉक उरतच नाही. तोही शेड्यूलरकरवी टळला, हे लक्षात घ्या.

आता या धाग्याच्या मुळाशी असलेला किस्सा. मार्स पाथफाइंडर ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं. काही दिवसांनी हवामानाची मोजणी सुरू झाल्यावर त्याचा संगणक अधूनमधून आपोआप रीसेट व्हायला लागला. गोळा झालेली माहिती जात नव्हती, पण प्रत्येक रीसेटनंतर त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर जायचं.

त्यावर व्हीएक्सवर्क्स ही रिअल टाइम सिस्टीम होती. सामायिक माहितीचा एक म्युटेक्स. खालच्या प्राधान्याचा हवामानाचा टास्क तो अगदी थोडा वेळ घ्यायचा. वरच्या प्राधान्याचा, बसवरची (यानातली उपकरणं जोडणाऱ्या वाहिनीवरची) माहिती वाटणारा टास्क त्याच म्युटेक्सपाशी यायचा आणि थांबायचा. इथपर्यंत ठीक, हवामानवाला लगेच सोडेल. पण नेमक्या तेव्हा मधल्या प्राधान्याचे, बराच वेळ चालणारे टास्क जागे व्हायचे. त्यांना त्या म्युटेक्सशी काही देणंघेणं नाही. फक्त हवामानवाल्यापेक्षा वरचे म्हणून ते सीपीयू घ्यायचे. हवामानवाल्याला पाळी नाही, म्हणून म्युटेक्स सुटत नाही, म्हणून वरचा टास्क अडकून. बसचं चक्र १२५ मिलिसेकंदांचं. पुढच्या चक्रात काम झालं नसल्याचं दिसलं की सिस्टीम स्वतःला रीसेट करायची.

हा डेडलॉक नव्हे, कारण साखळी गोल नाही. नुसती उपासमारही नव्हे, कारण अडकलेला टास्क रन क्यूमध्येच नाही. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. शेड्यूलरला वाटतं तो नियमाप्रमाणे वागतोय, आणि तो वागतोही. लॉकमुळे कोण कुणावर अवलंबून आहे ते त्याला कुणी सांगितलेलं नसतं. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या टीमने पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर ट्रेस चालू ठेवून तेच घडवून आणलं. उपाय म्युटेक्सच्या एका पर्यायात होता: प्रायॉरिटी इनहेरिटन्स. वरचा थांबला की धरणाऱ्याला तेवढ्यापुरतं त्याचं प्राधान्य मिळतं, तो काम उरकतो, लॉक सोडतो आणि मूळ जागी परततो. ही सोय व्हीएक्सवर्क्समध्ये होतीच, त्या म्युटेक्सवर बंद होती. मंगळावरच्या यानात ती चालू केली आणि रीसेट थांबले.

आजही पीथ्रेडचा (पॉझिक्सच्या थ्रेड लायब्ररीचा) साधा म्युटेक्स इनहेरिटन्स करत नाही. रिअल टाइम प्राधान्य वापरत असाल तर ते स्पष्टपणे मागावं लागतं.

निळीशाई

फार सुरेख लिहिलंत. यात एक भर घालते, जिथे शेड्यूलर खरोखरच डेडलॉक तयार करतो: स्पिनलॉक. स्पिनलॉकसाठी थांबणारा झोपत नाही, फिरत राहतो. एका कोअरवर खालच्या प्राधान्याच्या थ्रेडने स्पिनलॉक धरलाय आणि वरचा फिफो पद्धतीचा (आपणहून सोडेपर्यंत खालच्यांना सीपीयू न देणारा) रिअल टाइम थ्रेड आला, तर तो फिरतच राहील आणि धरणाऱ्याला सीपीयू कधीच मिळणार नाही. म्हणून कर्नलमध्ये साधा स्पिनलॉक धरलेला असताना प्रीएम्प्शन (मध्येच सीपीयू काढून घेणं) बंद असतं, आणि तोच लॉक इंटरप्ट हँडलरही घेत असेल तर इंटरप्टही बंद ठेवतात. युजर प्रोग्रॅमला ही मुभा नाही. स्वतःचे स्पिनलॉक लिहू नका, एवढं कळकळीने सांगते.

लिनक्समध्ये २००६ साली, २.६.१८ ला, इन्गो मोल्नार यांचं लॉकडेप आलं. कुठल्या लॉकनंतर कुठला घेतला जातो याचा ते नकाशा बनवतं आणि गोल दिसताच तक्रार करतं. डेडलॉक प्रत्यक्ष घडावा लागत नाही. एका वाटेवर क नंतर ख, दुसऱ्या वाटेवर ख नंतर क, दोन्ही वाटा वेगवेगळ्या दिवशी एकेकदा चालल्या तरी ते पकडतं. युजर प्रोग्रॅमसाठी थ्रेडसॅनिटायझर असंच काम करतो. उंबरठा, पन्नास जणांच्या कोडमध्ये क्रम पाळता येतो, तो माणसांच्या भरवशावर नाही तर अशा साधनाच्या जोरावर. कर्नल लिहिणारे हजारो आहेत.

उंबरठा

साधन असेल तर क्रम जमेल, हे मान्य. पण तो नकाशा एका प्रोसेसपुरता. दोन सेवा आणि दोन डेटाबेस यांच्यातून फिरणारी साखळी त्याला दिसणार नाही. तिथे टाइमआउटशिवाय पर्याय नाही, यावर मी ठाम आहे.

त्रिज्या

सेवा पुन्हा अडकली तेव्हा 'जेस्टॅक' काढला. खाली "डेडलॉक सापडला" असं काहीच नाही. पूलमधले (कामांसाठी आधीच बनवून ठेवलेल्या थ्रेडच्या गटातले) सगळेच्या सगळे १६ थ्रेड एकाच ओळीवर, फ्युचरच्या (नंतर येणाऱ्या उत्तराची जागा) निकालाची वाट बघत. एकाच्याही हातात लॉक नाही. मग हे काय?

कोड असा आहे: विनंती आली की पूलमधला थ्रेड ती घेतो, तिचे दोन तुकडे करून त्याच पूलला देतो आणि दोन्हींचे निकाल येईपर्यंत थांबतो.

खडूफळा

हा डेडलॉकच. फक्त वस्तू लॉक नाही, थ्रेड आहे. चारही अटी लावून बघा. थ्रेड एका वेळी एकच काम करतो. हातातला थ्रेड न सोडता तुमचं काम आणखी एक मागतंय. दिलेला थ्रेड काढून घेता येत नाही. आणि सोळाही थ्रेड अशा तुकड्यांची वाट बघतायत जे क्यूमध्ये सोळापैकी कुणीतरी मोकळा होण्याची वाट बघतायत. एकदम १६ विनंत्या आल्या की अडकलंच. १५ असल्या तरी एक थ्रेड मोकळा राहतो आणि हळूहळू सगळं पार पडतं. म्हणून ते अधूनमधून होतं.

'जेस्टॅक'ला दिसत नाही कारण तो मालक असलेल्या लॉकची साखळी शोधतो, आणि फ्युचरला मालक नसतो. निळीशाईंनी सेमाफोरबद्दल सांगितलं तेच.

निळीशाई

आणि थ्रेड पूल हा तुमच्या प्रोसेसच्या आतला छोटा शेड्यूलरच आहे. फरक एवढाच की कर्नलचा शेड्यूलर थांबलेल्या कामाकडून सीपीयू काढून दुसऱ्याला देतो. साधा पूल थांबलेल्या कामाकडून थ्रेड काढून घेत नाही.

पूल ३२ चा करू नका, मग ते ३२ विनंत्यांवर अडकेल. तुकड्यांसाठी वेगळा पूल ठेवा, आणि त्या पूलमधलं काम पहिल्या पूलला कधीच काही मागणार नाही असा दंडक ठेवा; लॉकच्या क्रमासारखाच हा पूलचा क्रम. किंवा जावा ७ मध्ये आलेला फोर्क-जॉइन पूल वापरा: त्यात निकालाची वाट बघणारा थ्रेड रिकामा बसण्याऐवजी बाकी तुकडे स्वतः उचलून पुरे करतो. मात्र तुकडे त्याच्याच पद्धतीने, फोर्क आणि जॉइनने लिहावे लागतील.

लिनक्स कर्नलच्या वर्कक्यूमध्ये हाच प्रश्न मेमरी कमी असताना येतो. मेमरी मोकळी करणाऱ्या कामाला कामकरी थ्रेड हवा, आणि नवा थ्रेड बनवायला मेमरी हवी. म्हणून अशा वर्कक्यूला एक 'रेस्क्युअर' थ्रेड आधीच बनवून राखून ठेवलेला असतो.

अर्धविराम

वाचनखूण साठवली. त्रिज्या, तुकडे नेटवर्कवर थांबणारे आहेत का? असतील तर फोर्क-जॉइनमध्येही थ्रेड तिथेच अडकून बसतील, त्यापेक्षा वेगळा पूल बरा.

त्रिज्या

हो, दोन्ही तुकडे डेटाबेसला विचारणा करतात. मग वेगळाच पूल करते, आणि डेटाबेसच्या कनेक्शन पूलमध्येही असंच एक हातात धरून दुसरं मागणं होतंय का ते बघते.

उंबरठा

नक्की बघा. एका ट्रान्झॅक्शनच्या आत दुसरं कनेक्शन मागितलं जातं अशा जागा शोधा. तिथे थांबण्याला डेटाबेसचा डिटेक्टर काही करू शकत नाही, कारण ते थांबणं त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. कनेक्शन मागण्याला टाइमआउट आहे का, आणि असला तर किती सेकंदांचा, तेही इथे लिहा.